मागचा टायर : एका झिजणाऱ्या वस्तूचा इतिहास

वडिलांची मोटारसायकल १९९७ सालची आहे. हीरो होंडाची स्प्लेंडर, रंग काळा, क्रमांक एमएच ०२ ने सुरू होणारा, कारण त्या काळी कांदिवलीच्या वाहनांची नोंदणीही अंधेरीलाच होत असे. ज्या दोन कंपन्यांच्या जोडनावाने ती ओळखली जाते त्यांची भागीदारी २०१० च्या डिसेंबरात मोडली. वडीलही आता नाहीत. गाडी मात्र चारकोपच्या आमच्या घरासमोर उभी असते आणि आठवड्यातून एक-दोनदा चालतेही. गेल्या जूनमध्ये पहिल्याच पावसात महावीर नगरच्या वळणावर तिचे मागचे चाक सरकले. मागे मुलगी बसली होती. वेग बेताचा होता म्हणून दोघांचे गुडघे खरचटण्यावर निभावले. घरी येऊन मी टायर पाहिला, तर नक्षी शाबूत होती आणि खाचाही खोल होत्या. दोष रस्त्याचा असावा असे मी ठरवून टाकले.

दोन दिवसांनी हवा भरायला गेलो तेव्हा टायरच्या दुकानातल्या काकांनी खाली वाकून रबरावर अंगठ्याचे नख दाबले. नख रुतले नाही. ते म्हणाले, "सर, हा झिजलेला नाही, म्हातारा झालाय. गोटा झालेला टायर निदान दिसतो तरी. याचं तसं नाही." मी हो-ना करीत परत आलो. खरे कारण सांगायला संकोच वाटत होता. तो टायर वडिलांनी स्वतः निवडलेला शेवटचा टायर होता. गाडीचे आरसे, सीट, चेन सेट, बॅटरी हे सगळे मी त्यांच्यामागे बदलले होते. हा एक राहिला होता.

आपण साहित्याचे लोक जुन्या वस्तूंविषयी हळवे असतो आणि त्या हळवेपणाला इतिहासप्रेम म्हणतो. या दोहोंत अंतर आहे, हे मला त्या आठवड्यात एका टायरने शिकवले. ते कसे, याचा हा वृत्तान्त.

संहिता वाचायची तर तिच्या मुखपृष्ठापासून आरंभ करावा, म्हणून मी टायरच्या कडेवरचा मजकूर ओल्या फडक्याने पुसून वाचला. २.७५-१८. ६ पीआर. ४८ पी. आणि एका लंबगोलात चार आकडे, ३२१२. इतकी वर्षे या चाकावर बसून फिरलो, पण हे कधी वाचले नव्हते.

पहिला आकडा इंचांचा आहे. टायरची रुंदी पावणेतीन इंच आणि ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास अठरा इंच. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, दशमान नाणी १९५७ मध्ये आली, शेर आणि गज वाणसामानाच्या यादीतून गेले. टायरच्या कडेवरचा इंच मात्र गेला नाही. हवा भरलेल्या टायरचा पहिला पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली घेतला होता, पण तो विसरला गेला. १८८८ साली बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. थॉमसन यांचा पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचा पेटंट टिकला नाही. त्यांच्या नावाने कंपनी मात्र जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर इंचही. आज त्याच मापाचा टायर मागितला तर अनेकदा ८०/१००-१८ असे लिहिलेला पुढ्यात येतो. यातले ८० हे मिलिमीटर, १०० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १८ हे पुन्हा इंच. एकाच ओळीत दोन मापपद्धती इतक्या निमूटपणे नांदताना मी अन्यत्र पाहिलेल्या नाहीत.

दुसरा आकडा त्याहून जुन्या काळाची खूण सांगतो. टायर नुसत्या रबराचा नसतो. त्याच्या आत धाग्यांचे थर असतात आणि भार तेच पेलतात. आरंभी हे धागे सुती असत आणि टायरची ताकद थर मोजून सांगितली जाई. पुढे रेयॉन आले, मग नायलॉन. नायलॉनचे कमी थर सुताच्या अधिक थरांएवढे काम करू लागले, तरी हिशोब सुताचाच राहिला. म्हणून ६ पीआर याचा अर्थ आत सहा थर आहेत असा नाही. सुताच्या सहा थरांइतके बळ आहे असा त्याचा अर्थ. कापड गिरण्यांच्या या शहरात सुताचा हा हिशोब गिरण्या गेल्यावरही रस्तोरस्ती फिरतो आहे, हे वाचून मी थोडा वेळ थांबलो.

४८ पी मधला ४८ हा भाराचा निर्देशांक. कोष्टकात पाहिले तर त्याचा अर्थ १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, जो वेग या गाडीने कधी पाहिला नाही आणि पाहणारही नाही. पुढच्या टायरवर मात्र ४ पीआर आणि ४२ पी आहे. ४२ म्हणजे १५० किलो. दोन्ही चाकांचे माप २.७५-१८ हेच. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही टायर सारखेच दिसतील, पण मागच्याला तीस किलो अधिक पेलायचे आहेत. या तीस किलोंकडे मला पुढे परत यायचे आहे.

चौथी गोष्ट ३२१२. हा टायरचा मुद्रणकाल, असे मी विद्यार्थ्यांना सांगेन : २०१२ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. २००० पूर्वी येथे तीनच आकडे असत आणि शेवटच्या आकड्यावरून दशक कोणते ते कळत नसे. हस्तलिखितांच्या कालनिर्णयात अडकलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. २००० पासून चार आकडे झाले आणि शंका मिटली. माझीही मिटली. टायर दहा वर्षांहून जुना होता आणि त्यातला बराच काळ तो एकाच जागी उभा होता.

उभा राहिलेला टायर खराब का होतो, हे कळायला रबराच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवले आणि ही खोड घालवली. ती मोडली, पण कायमची नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हळूहळू रबर कडक करीत राहतात. यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरात मेण आणि काही रसायने मिसळतात. चाक फिरताना रबर दबते, सुटते, आणि हे मेण पृष्ठभागावर येत राहते. जे चाक फिरत नाही त्याला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. म्हणजे वडिलांची आठवण म्हणून गाडी जपून, कमी चालवून मी टायर वाचवत नव्हतो. त्याला वाळवत होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुचाकीच्या टायरची नक्षी किमान किती खोल असावी हे दिलेले आहे, आणि कडेवरच्या लहान त्रिकोणाच्या रेषेत खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे उंचवटे असतात. माझा टायर या परीक्षेत निर्धास्त उत्तीर्ण झाला असता. अट खोलीची आहे, वयाची नाही. वय ओळखण्यासाठी काकांचे नख लागते.

हे रबर आपल्याकडे आले तो इतिहास निर्मळ नाही. मुळात ही झाडे ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी तिथून हजारो बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या आणि त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंका व मलायात गेली. ती झाडे मोठी होईपर्यंतच्या काळात, सायकल आणि मोटारीच्या टायरांसाठी रबराची मागणी वाढली असताना, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यातल्या काँगोत जंगली रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले. १९०८ साली ती राजवट संपली. त्रावणकोरात पेरियार नदीकाठी पहिला व्यापारी मळा १९०२ साली लागला आणि पुढे केरळ हेच भारताच्या रबराचे घर झाले. आपल्या सिंधुदुर्गातही दोडामार्ग भागात केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा लावल्या आहेत. झाडांच्या खोडाला बांधलेल्या वाट्या तिथे रस्त्यावरूनही दिसतात.

मुंबईचा या वस्तूशी संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नव्हता. शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. तो पुढे बॉम्बे टायर इंटरनॅशनल या नावाने चालला आणि त्या नावाचा १९८३ चा सर्वोच्च न्यायालयातला खटला अबकारी कराच्या वकिलांना आजही पाठ असतो. वाद असा होता की कर आकारायचा तर टायरचे मूल्य कोणते धरायचे? फक्त बनवण्याचा खर्च आणि नफा, की विक्रीसाठी कंपनीने केलेला पुढचा खर्चही? न्यायालयाने कंपन्यांचे म्हणणे मान्य केले नाही. पलीकडे भांडुपला सीएटचा कारखाना उभा राहिला. कंपनीची भारतातली स्थापना १९५८ ची. सीएट ही अक्षरे एका इटालियन नावाची आद्याक्षरे आहेत आणि त्या नावाचा अर्थ 'विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू, तोरिनो' असा होतो. आपल्या उपनगरांतून धावणाऱ्या कित्येक चाकांवर तोरिनोच्या तारांचा हा उल्लेख आहे.

आता वडिलांच्या वहीकडे येतो. ते कांदिवली पूर्वेच्या एका कारखान्यात फिटर होते. आमचे घर चारकोपला, म्हाडाच्या त्या योजनेत जिला इथले लोक अजून 'वर्ल्ड बँक' म्हणतात, कारण १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप-गोराईला भूखंड पाडून दिले गेले. रोज पश्चिमेकडून पूर्वेला, रेल्वे ओलांडून, पाळीच्या वेळेला पोहोचणे हा त्यांच्या आयुष्याचा क्रम होता. आधी त्यांच्याकडे स्कूटर होती. स्कूटरची दोन्ही चाके एकाच मापाची, ३.५०-१०, आणि तिसरे तसेच चाक सोबत असे. त्याला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकायला आरंभ केला, त्या रस्त्याचे हे नाव. इंग्लंडात शब्द मागे पडला, आपल्या गॅरेजांत राहिला. स्टेपनी असलेल्या घरात 'मागचा टायर' अशी स्वतंत्र चिंता नसते. तीन चाके आलटून पालटून वापरली जातात, पंक्चर झाले तर रस्त्याच्या कडेला चार नट सोडून चाक बदलता येते.

१९८४ ते १९८६ या काळात जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विक्रीत मोटारसायकलीने स्कूटरला मागे टाकले. पेट्रोल कमी लागते, हे कारण सगळे सांगतात. पण या बदलात कुटुंबाने स्टेपनी गमावली, याची नोंद मला कुठे आढळली नाही. मोटारसायकलीवर तिसरे चाक बांधायला जागा नसते. जे मागे आहे तेच आहे, आणि ते भरवशाचे असलेच पाहिजे.

वहीत हे सगळे शब्दांत नाही, पण नोंदींत आहे. मागचा टायर मे २००१, मे २००५, मे २००९ आणि मे २०१३ मध्ये बदलला. प्रत्येक नोंदीत किलोमीटर, माप, दुकानदाराला दिलेले पैसे आणि 'ट्यूबसह' हा शब्द. या काळात पुढचा टायर दोनदाच बदलला आहे. इंजिनाची ताकद मागच्या चाकातून रस्त्यावर उतरते, बसणाऱ्याचा अधिक भार मागे येतो, म्हणून मागचा आधी झिजतो, तोही मधोमध, आणि चपटा होतो. हे अपेक्षितच होते. २००९ ची नोंद मात्र मी दोनदा वाचली. तिथे वडिलांनी कंसात लिहिले आहे : नक्षी आहे, पण कडक. पावसाआधी बदलला.

म्हणजे जो टायर मी त्यांची आठवण म्हणून ठेवला होता तो त्यांनी स्वतः ठेवला नसता. चारही वेळा महिना मे आहे. त्यांच्या लेखी टायर ही जपण्याची वस्तूच नव्हती. ती दर पावसाळ्याआधी तपासायची आणि शंका येताच काढून टाकायची वस्तू होती. हळवेपणाने मी जे जपले त्याने त्यांच्या सवयीचा भंग होत होता.

इथे त्या तीस किलोंकडे परत यायला हवे. मागचा टायर पुढच्यापेक्षा दणकट का, तर मागे कोणीतरी बसते म्हणून. आमच्या घरी ती आई होती, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. त्याच १९८९ च्या नियमांत मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारे आवरण सांगितले आहे. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. ज्याच्या हातात हँडल असते त्याच्या आवडीनिवडीवर गाडीच्या जाहिराती होतात. मागे बसणाऱ्यांचा उल्लेख या नियमात आणि टायरच्या कडेवरच्या आकड्यांत सापडतो. तिथे आई, मी, माझी बहीण, आणि आता माझी मुलगी असे सगळे १८० किलो या एका अंकात मावलो आहोत. त्या अंकाशी तडजोड करण्याचा अधिकार मला नव्हता.

शनिवारी सकाळी गाडी दुकानात नेली. निवडीचा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. काकांच्या मदतनीस मुलाने जाड टायर घालण्याचा आग्रह धरला. "सर, गाडी भारी दिसेल." ३.०० चा टायर या अरुंद रिमवर चढतो, पण तो कडेने आवळला जातो, त्याचा माथा अधिक गोल होतो आणि रस्त्याला टेकणारा भाग अपेक्षेइतका वाढत नाही. शिवाय चेन कव्हर आणि मडगार्डला घासण्याची भीती, गाडी वळायला जड, पेट्रोलही अधिक. काका त्याला म्हणाले, "गाडीला तिचं माप आहे, ते सोडायचं नाही." ट्यूबलेसचाही विषय निघाला. आऱ्यांच्या रिममध्ये प्रत्येक आऱ्याला भोक असते, तिथून हवा निघते, म्हणून तिथे ट्यूबच हवी. शेवटी पुढे आलेल्या दोन टायरांमध्ये निवड उरली : एक २.७५-१८, ६ पीआर. दुसरा ८०/१००-१८, भार निर्देशांक तितकाच. दोन्ही चालले असते. मी दोन्हींचे चार आकडे वाचले आणि जो तीनच महिन्यांपूर्वी बनला होता तो २.७५ चा घेतला. नक्षीही मधे सलग आणि कडेला खाचा असलेली निवडली. बटण टायर मातीच्या रस्त्याला ठीक, इथल्या ओल्या काँक्रीटवर नको.

मग काम सुरू झाले. ब्रेकचा रॉड सुटला, एक्सलचा नट सैल झाला, चाक बाहेर आले. हवा सोडून मुलाने टायरच्या कडा पायाने दाबून रिमपासून मोकळ्या केल्या आणि दोन टॉमींनी टायर उपटला. उजेडात धरून आतून वाकवला तेव्हा खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा एकामागून एक उघडल्या. बाहेरून यातले काही दिसत नव्हते. जुन्या ट्यूबवर तीन पॅच होते. तीही बदलली, कारण नव्या टायरमध्ये ताणलेली जुनी ट्यूब घडी पडून फाटते. आऱ्यांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवरची रबरी पट्टी नवी घातली. टायरवरच्या बाणाची दिशा पाहिली, कडांना साबणाचे पाणी लावले, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती बसवली, म्हणजे टॉमीखाली चिमटत नाही. हवा भरल्यावर कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, ते काकांनी चाक फिरवून पाहिले. चेनचा ताण आणि ब्रेक जुळवून झाल्यावर त्यांनी बजावले, "पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून. नव्या रबराला गुळगुळीतपणा असतो, तो जायला वेळ लागतो. आणि मागे कोणी बसणार असेल तर हवा तेवढी जास्त."

जुना टायर घरी न्यायचा का, असे त्यांनी विचारले. क्षणभर हो म्हणावेसे वाटले. चारकोपच्या पत्र्यांवर असे टायर वजन म्हणून ठेवलेले असतात. पण मी तो तिथेच दिला. पाठचिकित्सेत आपण जुन्या कागदाला जपतो, कारण त्यावरचा मजकूर दुसरीकडे नसतो. टायरवरचा मजकूर, २.७५-१८, ६ पीआर, ४८ पी, तो नव्या टायरवरही जसाच्या तसा होता. वडिलांचे जे जपण्यासारखे होते ते त्या मापात होते आणि मे महिन्यात होते. ते रबरात असते तर त्यांनी ते चार वेळा दुकानात सोडून दिले नसते.

संध्याकाळी वही काढून त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली माझी पहिली नोंद केली : तारीख, किलोमीटर, माप, पैसे, ट्यूबसह. त्यापुढे एक रकाना वाढवून टायरवरचे चार आकडे लिहिले, कारण ते वडिलांनी कधी लिहिले नव्हते आणि पुढे वही ज्याच्या हाती जाईल त्याला ते लागतील. मुलीने वाचून विचारले, "हे कशाला?" मी तिला ओल्या फडक्यासह खाली नेले आणि कडेवरचे आकडे वाचायला सांगितले.